नळाचा शब्द, मोरोपंतांचा शब्द

रघुनाथपंडितांचे ‘नलदमयंती स्वयंवराख्यान’ आपल्याकडे शृंगाराचे काव्य म्हणून वाचले जाते. खरे तर त्याची सुरुवातच शौर्याच्या परीक्षेने होते. नळ सोन्याचा हंस पकडतो. हंस दया मागतो, पण राजाला टोचूनही बोलतो: झुंजायला पावलोपावली योद्धे असताना पाखरावर कसला पराक्रम? हा युक्तिवाद मुळात श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरिता’तला, पंडितांनी तो अस्सल मराठी केला. राजा मूठ उघडतो, आणि प्रेमकथा तिथून सुरू होते. सुटलेला हंसच उपकार फेडायला दमयंतीकडे जातो.

पुढचा पेच अधिक अवघड आहे. महाभारताच्या वनपर्वात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम वाटेत भेटतात. काम काय ते कळण्याआधीच नळ त्यांना शब्द देऊन बसतो. काम असे, की दमयंतीने आम्हा चौघांपैकी एकाला वरावे, हा निरोप तिला सांगायचा. ज्या मुलीवर जीव जडला तिच्यापुढे प्रतिस्पर्ध्यांची वकिली! तो ती चोख करतो. मात्र मला या कथेतले खरे धाडस दमयंतीचे वाटते. देवांसमक्ष तुम्हालाच वरीन, म्हणजे दोष तुमच्यावर येणार नाही, असे ती त्याला सांगते. मंडपात पाच नळ दिसतात तेव्हा ती आपल्या सत्याची आण घालते आणि देवांना खुणा प्रकट कराव्या लागतात. ज्याला घाम आहे, ज्याची सावली पडते, ज्याची माळ कोमेजते, त्याच्या गळ्यात ती हार घालते.

असली माणसे आख्यानातच भेटतात, असे म्हणणाऱ्यांनी ग्रँट डफच्या इतिहासातले खडकीच्या लढाईचे पान काढावे. पेशव्यांचे सरदार मोरोपंत दीक्षित आणि दापोडीच्या पलटणीचा इंग्रज अधिकारी फोर्ड यांची दोस्ती होती. इंग्रजांचा निभाव लागणार नाही अशी मोरोपंतांची खात्री होती, म्हणून त्यांनी मित्राला आधीच सावध केले. फोर्ड आपल्या लोकांना सोडायला तयार होईना, तेव्हा काहीही झाले तरी तुझ्या कुटुंबाला सांभाळीन, असा शब्द त्यांनी दिला. फोर्डनेही तसाच दिला. दोस्तीपायी दोघांपैकी कोणी आपली चाकरी सोडली नाही.

5 नोव्हेंबर 1817 रोजी मोरोपंत जरीपटका घेऊन घोडदळाबरोबर निघाले. त्यांना लागलेला गोळा फोर्डच्याच पलटणीच्या तोफेतून सुटलेला होता.