आशाताईंची वही: उद्याच्या कामांची यादी आज रात्रीच का लिहावी?

धडगाव, अक्कलकुवा भागात गाव म्हणजे एक वस्ती नसते. एक पाडा या डोंगरावर, दुसरा त्या उतारावर, मध्ये ओहळ. आशाताई सकाळी घरातून निघतात तेव्हा डोक्यात दहा कामं असतात. नवजात बाळाची भेट, गरोदर मातेची तपासणी, लसीकरणाचा निरोप, कुठला तरी सर्व्हे, दुपारी मीटिंग आणि मध्येच सिस्टरचा फोन. सगळं लक्षात राहील असं वाटतं. संध्याकाळी आठवतं की वरच्या पाड्यावर जायचं राहूनच गेलं.

सर्व्हे राहिला तर उद्या होईल. पण राहिलेली भेट तीन दिवसांच्या बाळाची असेल तर?

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताईंनी घरी सहा भेटी द्यायच्या असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्त. हे आकडे उगाच ठरलेले नाहीत. जन्मानंतर महिनाभरात दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि २०११ पासून घरभेटींचा कार्यक्रम देशभर आशांकडे आला. म्हणजे भेट कोणत्या दिवशी होते, यालाच महत्त्व आहे.

आता वहीकडे येऊ. समजा बाळ ५ जुलैला जन्मलं. जन्माचा दिवस पहिला धरला की भेटी येतात ७, ११, १८ आणि २५ जुलैला, मग १ ऑगस्ट आणि शेवटची १५ ऑगस्टला. या सहा तारखा बाळाची बातमी कळली त्याच दिवशी, त्या त्या तारखेच्या पानावर पुढे लिहून टाकायच्या. "जमेल तसं जाऊ" असं ठेवलं की १५ ऑगस्टला झेंडावंदनाच्या गडबडीत ४२ वा दिवस हमखास निसटतो. आणि जुलैत ओहळाला पाणी असतं, तेव्हा त्या दिवशी कुठल्या वाटेने जायचं तेही आदल्या दिवशीच विचारून ठेवावं लागतं.

म्हणून यादी रात्री करावी. जेवणं झाली की दहा मिनिटं पुरतात. पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे तारखेला बांधलेली कामं: बाळाची भेट, लसीकरणाचं सत्र, जोखमीच्या मातेची तपासणी. उजवीकडे एक-दोन दिवस पुढे गेली तरी चालतील अशी: रिपोर्ट, सर्व्हे, फॉर्म. मग डावीकडची कामं पाड्यांच्या क्रमाने लावा. एका पाड्यावर चढलाच आहात तर तिथली तीनही घरं करून खाली या. चालण्याचा वेळही धरा. दोन पाडे दोन टोकांना असतील तर त्या दिवशी पंधरा कामं लिहून काही होत नाही, नुसतं मन खट्टू होतं.

मध्यरात्री कुणाला कळा सुरू झाल्या की दुसऱ्या दिवसाची सगळी यादी मोडते. मोडू द्या. परत आल्यावर वही उघडायची आणि डावीकडचं आधी उचलायचं. उरलेलं उद्याच्या पानावर पुन्हा स्वतःच्या हाताने लिहायचं. एकच काम चौथ्यांदा लिहावं लागलं, तर ते का होत नाही ते गटप्रवर्तकांशी बोला.

खूण कधी करायची, इथे बरेच जण चुकतात. "निरोप दिला" म्हणजे काम झालं नाही. बाळ डोळ्यांनी पाहिलं, वजन केलं, ताप बघितला, श्वास मोजला, तेव्हाच टिक. बाळ दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेलं आहे, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास चालतो, छाती आत ओढली जाते, बेंबीतून पू येतो, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करून दवाखान्यात पाठवायचं. आणि लगेच वहीत पुढची ओळ लिहायची: "पोचले का, विचारणे." घरचे हो म्हणतात, पण गाडी मिळत नाही किंवा सासरे अडवतात, आणि आपल्या वहीत मात्र टिक झालेली असते.

मोबाईलवर यादी केली तरी हरकत नाही. फोनचा अलार्म आणि कॅलेंडर रेंज नसतानाही वाजतात. पण बॅटरी संपली की यादीही गेली, म्हणून वही असावीच.

घरच्यांनीही हे करता येतं. दुधाचा हिशोब जसा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो, तशा बाळाच्या सहा तारखांना गोल करा. त्या दिवशी ताई आल्या नाहीत तर संध्याकाळी फोन करा, त्यांना राग येणार नाही. सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावरच त्यांना एका बाळामागे २५० रुपये मिळतात, तेव्हा विसरणं त्यांनाही परवडत नाही.

बाळंतीण माहेरी जाणार असेल किंवा दिवाळीनंतर ऊसतोडीला, गुजरातेत कामाला निघणार असाल, तर जाण्याआधी ताईंना गावाचं नाव आणि फोन नंबर देऊन जा. त्या नावापुढे लिहून ठेवतील आणि तिकडच्या आशाला कळवता येईल. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या. लस कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते, कार्ड दाखवलं की पुढची कोणती द्यायची ते तिथल्या सिस्टरला कळतं.