दुर्बिणीसाठी घरगुती सौर गाळक : एका वाक्याची चिकित्सा

‘सूर्य पाहावयाचा असेल तर दुर्बिणीला काळी काच लावावी’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु जो ते शब्दशः आचरणात आणील त्याची दृष्टी कायमची जाण्याचा संभव आहे. दोष त्यातील दोन पदांत आहे. ‘दुर्बिणीला’ यातील प्रत्यय काच कोणत्या टोकास लावावयाची ते सांगत नाही. आणि ‘काळी’ हे विशेषण डोळ्याचा निवाडा सांगते, किरणांचा नव्हे.

प्रथम टोकाचा विचार करू. १०० मि.मी. व्यासाचे वस्तुभिंग भर उन्हात सुमारे ७ ते ८ वॅट ऊर्जा गोळा करते. केंद्रांतर १ मीटर असेल, तर ही ऊर्जा सुमारे ९ मि.मी. व्यासाच्या सूर्यबिंबात एकवटते. नेत्रिकेपाशी बसविलेली काच नेमकी या झोतात सापडते, तापते आणि अवचित तडकते. डोळा बाजूस घेण्यास अवधी राहत नाही. पूर्वी लहान दुर्बिणींबरोबर नेत्रिकेत फिरवून बसवावयाची अशी काच मिळत असे. माझ्या पहिल्या दुर्बिणीबरोबरही ती आली होती. मी ती वापरली नाही, यात शहाणपण काहीच नव्हते. जुलैचे ढगाळ दिवस होते, इतकेच. गाळकाची जागा दुर्बिणीच्या पुढील तोंडावर, म्हणजे प्रकाश आत शिरण्यापूर्वीच होय. ग्रहणाचे चष्मे घालून दुर्बिणीतून पाहणे याच कारणाने वर्ज्य आहे. ते नुसत्या डोळ्यांसाठी असतात.

आता ‘काळी’. काजळी धरलेली काच, छायाचित्राची जुनी रंगीत फिल्म, क्ष-किरण चित्राचा तुकडा, या वस्तू डोळ्यास काळ्या भासतात. पण त्यांतून अवरक्त किरण पुष्कळ प्रमाणात पार होऊ शकतात. ते डोळ्यास दिसत नाहीत, आणि दृष्टिपटलास वेदना कळत नाही. त्यामुळे इजा होत असताना पाहणारास तिचा पत्ताच लागत नाही.

योग्य द्रव्य म्हणजे दुर्बिणीच्या सौर निरीक्षणासाठीच तयार केलेली, धातूचा लेप दिलेली पातळ फिल्म. ती खरीदताना तिची प्रकाशीय घनता पाहावी. घनता ५ याचा अर्थ एक लक्षांश प्रकाश आत येतो. ३.८ घनतेची फिल्मही मिळते; ती सुमारे ६,३०० वा हिस्सा आत सोडते, म्हणजे जवळजवळ सोळापट अधिक. ती केवळ छायाचित्रणासाठी आहे. दोन्ही आकडे लघुगणकी असल्याने ५ आणि ३.८ हे शेजारी वाटतात, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते.

बांधणी सोपी आहे. दुर्बिणीच्या नळीभोवती जाड पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळून घट्ट बसणारे, पण ओढल्यावर निघणारे, चांगले खोल टोपण करावे. पुठ्ठ्याच्या दोन सारख्या कड्या कापून त्यांच्यामध्ये फिल्म दुतर्फी चिकटपट्टीने धरावी. ती ताणू नये. किंचित सुरकुत्या राहिल्यास प्रतिमा बिघडत नाही, ताणल्यास मात्र बिघडते. कड्या टोपणास चिकटवाव्यात, आणि निरीक्षणाच्या वेळी टोपण नळीस चिकटपट्टीने बांधून टाकावे. वाऱ्याची एक झुळूक किंवा एखाद्या उत्सुक मुलाचा हात ते काढण्यास पुरेसा असतो.

प्रत्येक वेळी वापरण्यापूर्वी गाळक विजेच्या दिव्यासमोर (सूर्यासमोर नव्हे) धरून पाहावा. एखादे छिद्र, ओरखडा वा लेप उडालेली जागा दिसल्यास तो टाकून द्यावा.

शोधक-दुर्बिणीचा विसर पडतो. तीही दुर्बीणच असल्याने ती काढून ठेवावी किंवा दोन्ही टोकांस झाकावी. मग सूर्य सापडणार कसा? नळीची जमिनीवरील छाया पाहात दुर्बीण फिरवावी. छाया सर्वांत लहान झाली की नळी सूर्याकडे रोखलेली असते. गाळक चढवूनच दुर्बीण सूर्याकडे वळवावी, आणि सूर्यापासून पूर्णतः दूर वळविल्यावरच तो उतरवावा. यासाठी ग्रहणाची वा २०१२ सालच्यासारख्या शुक्राच्या अधिक्रमणाची वाट पाहण्याचे कारण नाही; सूर्यावरील डाग बहुधा कोणत्याही निरभ्र सकाळी दिसू शकतात.