एक तार आणि आमचे अप्पा

दिवाळीला घरात काही तरी नवे यावे, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. कधी मिक्सर आला, कधी पडदे आले. गेल्या दिवाळीला आले ते एक काळे, जड खोके. त्याचे नाव सबवूफर. चिरंजीवांना ते हवे होते चित्रपटातल्या धडाडधूमसाठी. मी होकार दिला तो मात्र अप्पांकडे पाहून.

अप्पांचे वय 82. 1969 साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, त्याच वर्षी ते तेथे विजेच्या कामावर लागले आणि निवृत्तीनंतर बोईसरलाच राहिले. तबला म्हणजे त्यांचा जीव की प्राण. वय झाले की कानांतून बहुधा उंच स्वर आधी निसटतात. खालचे बरेच दिवस सोबत करतात. पण हल्लीच्या चपट्या टीव्हीतले इवलेसे स्पीकर खालचे स्वर नीट काढीतच नाहीत. म्हणजे टीव्ही जे वाजवी ते अप्पांना ऐकू येईना, आणि अप्पांना जे ऐकू आले असते ते टीव्ही वाजवीना! खोके आले आणि पहिल्याच दिवशी डग्ग्याचा घुमारा ऐकून अप्पा खुर्चीत सावरून बसले.

खोके ठेवावे कोठे? 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कोणत्या बाजूने येतो, हे माणसाच्या कानाला नीट उमगत नाही. 40 हर्ट्झच्या स्वराची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. आमचा सबंध हॉलही तेवढा नाही. तेव्हा टीव्हीशेजारी जागा नव्हती म्हणून खोके समोरच्या कोपऱ्यात गेले, आणि त्याची तार अप्पांच्या खोलीच्या दारातून, जाजमाखालून.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास धप्प असा आवाज झाला. अप्पांचा पाय जाजमात अडकला होता. चौकट हाती आली म्हणून गुडघ्यावर निभावले. या वयातले पडणे काय असते, हे वाचकांना सांगायला नको. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्याच दिवशी बिनतारी जोडणीच्या दोन डब्या आणल्या. एक अ‍ॅम्प्लिफायरला, दुसरी खोक्याला. पण सबवूफरच्या पोटात त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याला विजेची तार लागतेच. बिनतारी म्हणजे एक तार कमी, एवढाच अर्थ! शिवाय आमच्या डब्या 2.4 गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या. वायफाय, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच गल्लीतले. सौ.ने दूध गरम करायला ठेवले की डग्गा गप्प! आणखी एक गंमत. आवाज एका मिलिसेकंदात हवेतून सुमारे 34 सेंटिमीटर जातो. डब्यांनी 20 मिलिसेकंद खाल्ले, तर खोके जणू सात मीटर मागे सरकते. अप्पा म्हणाले, "तबलजीचा डावा हात पेंगतोय वाटते." अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सबवूफरचे अंतर वाढवून चिरंजीवांनी तो उशीर घालवला, मधूनच गप्प होणे मात्र जाईना.

शेवटी अप्पाच म्हणाले, "मला कोणी विचारलेच नाही. तार जमिनीवरून कशाला? चौकटीवरून न्या."

मोजली तर 11 मीटर भरली. सबवूफरसाठीची जाळीदार आवरणाची चांगली तार एवढ्या अंतराला सहज पुरते. वायरमन आला, आणि काम सोपे व्हावे म्हणून त्याने ती विजेच्या तारेसोबत एकाच केसिंग पट्टीत बसवली. झाले! खोके भुंग्यासारखे गुणगुणू लागले. आपली घरगुती वीज 50 हर्ट्झची. आणि 50 हर्ट्झ म्हणजे सबवूफरचे हक्काचे राज्य. लहान स्पीकर जी गुणगुण दडवतो, ती हा गाजवून सांगतो. वायरमन म्हणाला, "प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकू, आवाज जाईल." अप्पांचा आवाज मी कित्येक वर्षांनी चढलेला ऐकला. "अर्थिंग माणसाच्या जिवासाठी असते! आमच्याकडे विजेची आणि सिग्नलची तार कधी शेजारी झोपवली नाही."

मग वेगळी पट्टी मारली, मध्ये वीतभर अंतर ठेवले, दोन तारा जेथे ओलांडतात तेथे काटकोनात नेल्या, आणि अ‍ॅम्प्लिफायर व सबवूफर एकाच बोर्डावर घेतले. गुणगुण गेली.

तेव्हा वाचकहो, भिंतीच्या कडेने किंवा दारावरून तार नेता येत असेल, तर तारच घ्या. स्वस्त आणि भरवशाची. घर भाड्याचे असेल, खिळा ठोकण्याची सोय नसेल, तर बिनतारी घ्या. पण परत करण्याच्या बोलीने, आणि आधी घरात वाजवून पाहा. दोन्हींत चालण्याच्या वाटेवर तार नको.

आणि खोक्याखाली जाड रबर घाला. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हापासून आमच्याकडे जरा घुमले की माणसे आधी पंख्याकडे पाहतात. चिरंजीवांच्या एका चित्रपटापायी खालच्या मजल्यावरच्या काकू नातवाला कडेवर घेऊन जिन्यात आल्या होत्या. मी फराळाचे ताट घेऊन क्षमा मागायला गेलो.

पाडव्याला पहाटेच टीव्हीवर मैफल लावली. अप्पा डोळे मिटून बसले होते. बोटे खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती. समेवर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आता डावा हात जागा झाला."