शस्त्रक्रिया मुंबईत, बरं होणं श्रीवर्धनात

श्रीवर्धन तालुक्यात कुणाला मोठं ऑपरेशन सांगितलं, मग ते तोंडाच्या कॅन्सरचं असो, बायपासचं असो की पोटातल्या गाठीचं, की घरात पहिला प्रश्न निघतो पैशांचा आणि दुसरा कुठल्या डॉक्टरकडे जायचं याचा. दोन्ही प्रश्न खरेच आहेत. तिसरा प्रश्न मात्र बहुतेक घरांत तारीख मिळाल्यावर, कधीकधी तर डिस्चार्जच्या दिवशीच सुचतो: सोबत कोण राहणार आणि किती दिवस? माझं म्हणणं असं की हा प्रश्न पहिल्या दोन प्रश्नांच्या बरोबरीनं, पहिल्याच दिवशी विचारला गेला पाहिजे. रुग्णाजवळचा माणूस हा उपचाराचाच भाग आहे. म्हणून सोबत कोणाची, किती दिवस, काय शिकून आणि कोणाच्या खर्चानं, हे आधी ठरलं पाहिजे. नुसत्या मायेवर ती सोडून दिली की कधी पुरते, कधी पुरत नाही, आणि पुरत नाही तेव्हा जखम चिघळल्याचं खापर नशिबावर फुटतं.

श्रीवर्धनात हा मुद्दा शहरापेक्षा जास्त धारदार होतो, कारण इथे उपचाराची जागा आणि बरं होण्याची जागा एक नाही. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, पण जबड्याचा भाग काढायचा किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या जोडायच्या तर परळ गाठावं लागतं. 1941 पासून कॅन्सरचे रुग्ण पाहणारं टाटा स्मारक रुग्णालय तिथे आहे, केईएम तिथे आहे. टाटाचंच खारघरचं केंद्र आपल्या रायगड जिल्ह्यात असलं तरी श्रीवर्धनकराला ते मुंबईइतकंच लांब वाटतं. म्हसळा, साई, माणगाव करत महामार्गाला लागायचं आणि पुढे मुंबई, असा हा पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरचा रस्ता. रुग्णालयात जातात आठ-दहा दिवस, गुंतागुंत झाली तर पंधरा. बायपासमध्ये कापलेलं छातीचं हाड जुळून यायला मात्र दोन ते तीन महिने लागतात, आणि तोवर पाण्याची कळशीही उचलायची नसते. म्हणजे कौशल्याचं काम मुंबईत होतं, पण त्याचा निकाल लागतो श्रीवर्धनच्या माजघरात. 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी 42 लाख माणसं शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांत दगावतात. त्या तीस दिवसांतले बरेच दिवस रुग्ण घरी असतो आणि त्याच्याकडे पाहणारे डोळे घरच्यांचे असतात.

सोबतीनं मनाला धीर येतो हे कुणीही मान्य करील. शरीरही लवकर सावरतं का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला पुरावा आहे. 1964 साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये भूलतज्ज्ञ लॉरेन्स एगबर्ट यांनी पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या 97 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आदल्या रात्री शांतपणे सांगितलं की उद्या दुखेल, कुठे दुखेल, का दुखेल, किती दिवस दुखेल, आणि कळ आली की श्वास कसा घ्यायचा, कुशीवर कसं वळायचं. दुसऱ्या गटाला असं काही सांगितलं नाही. सांगितलेल्या गटाला गुंगीची वेदनाशामकं जवळपास निम्मीच लागली आणि हे रुग्ण सरासरी 2.7 दिवस आधी घरी गेले. कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे हे घरी सोडणाऱ्या सर्जनना ठाऊक नव्हतं, म्हणून हा निष्कर्ष वजनदार. पुढे 1989 साली कॅलिफोर्नियात कुलिक आणि माहलर या दोघांना बायपासच्या 56 पुरुष रुग्णांमध्ये असं दिसलं की ज्यांची पत्नी वारंवार भेटायला येत होती त्यांना वेदनाशामकं कमी लागली आणि ते अतिदक्षता विभागातून लवकर बाहेर आले.

यावर चोख आक्षेप असा, की ज्यांच्या घरी माणसं आहेत त्यांच्याकडे बहुधा पैसा असतो, खाणंपिणं बरं असतं. मग श्रेय सोबतीला का द्यायचं? आक्षेप रास्त आहे. भेटींचा अभ्यास त्यातून पूर्ण सुटत नाही, एगबर्टचा मात्र बराचसा सुटतो, कारण तिथे फरक केला होता तो फक्त बोलण्याचा. आणखी एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. बायपास झालेल्या 225 जणांची 15 वर्षांनंतरची स्थिती रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये मांडली. सुखी संसार असलेल्या स्त्रियांपैकी 83 टक्के तेव्हा हयात होत्या, संसारात सुख नसलेल्यांपैकी 28 टक्के आणि अविवाहितांपैकी 27 टक्के. नुसतं घरात माणूस असणं पुरत नाही, हे या आकड्यांत फार स्वच्छ दिसतं. दुःखी संसारातली बाई आणि एकटी बाई, दोघींची अवस्था जवळपास सारखी.

सोबतीकडून अवाजवी अपेक्षाही करू नये. 1989 साली डेव्हिड स्पीगल यांनी स्तनांच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 86 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गटात बसून मन मोकळं करणाऱ्या स्त्रिया सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या असं त्यात दिसलं आणि जगभर आशा पालवली. 2001 मध्ये कॅनडात 235 स्त्रियांवर तोच प्रयोग झाला तेव्हा आयुष्य वाढलं नाही. वेदना आणि मनाची तगमग मात्र कमी झाली. म्हणून ‘सकारात्मक राहा, कॅन्सर पळून जाईल’ असं रुग्णाला सांगणं मला क्रूर वाटतं. गाठ परत आली तर तो स्वतःच्याच मनाला दोष देत बसतो. सोबतीचं काम गाठ विरघळवण्याचं नाहीच. दुखणं सोसवेल इतपत ठेवणं, जखम स्वच्छ ठेवणं, पोटात अन्न जाईल हे पाहणं, आणि काही बिघडलं तर ते वेळेत ओळखणं, हे तिचं काम.

आपल्याकडे सोबतीला लागलेली एक जुनी खोड म्हणजे रुग्णापासून आजार लपवणं. ‘बाबांना कॅन्सर हा शब्द कळू देऊ नका’ असं डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगणारी मुलं वाईट नसतात. पण ज्याला काय होणार ते माहीतच नाही, त्याला दुखण्याची तयारी तरी कशी करता येणार? एगबर्टच्या रुग्णांना गोड बोलून नव्हे, दुखणार आहे हे खरं सांगून बरं वाटलं होतं. परळच्या कॅन्सरच्या रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या माणसापासून आपण काय लपवलं, असा प्रश्न खरं तर घरच्यांनी स्वतःला विचारायला हवा.

घरच्या कामाची नड किती बारीक असते हे तोंडाच्या कॅन्सरवरून कळतं. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा सगळ्या कोकणाला अभिमान, इथे सुपारी संशोधन केंद्रही आहे. आणि हेही खरं की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. बागायतदाराच्या पोटाचा हा प्रश्न असल्यानं तो एका वाक्यात निकालात काढणं अन्यायाचं होईल. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळानं इथल्या वाड्या आडव्या केल्या, आणि सुपारीचं रोप फळायला पाच-सात वर्षं घेतं. पण तोंड उघडेनासं होणं, तिखट झोंबणं, न भरणारा चट्टा, या खुणा या गावात प्रत्येकाला पाठ असायला हव्यात.

तर तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला माणूस घरी येतो तेव्हा अनेकदा नाकातून पोटात गेलेली नळी असते. अन्न तिच्यातूनच द्यायचं: पेज, डाळीचं पाणी, ताक, फळांचा रस, सगळं मिक्सरमधून काढून फडक्यातून गाळलेलं, कोमट. आधी रुग्णाला उशांच्या आधारानं बसतं करायचं, नळी जागेवर असल्याची शिकवल्याप्रमाणे खात्री करायची, मग सिरिंजमधून अन्न सावकाश सोडायचं. शेवटी स्वच्छ पाणी घालून नळी धुवायची, नाहीतर ती चोंदते. आणि अर्धा तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर अन्न उलटून फुप्फुसात जाण्याची भीती. हे दिवसातून सहा-सात वेळा. पुढे किरणांचे उपचार झाले की जबडा आखडू लागतो. त्यासाठी आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या चपट्या पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि काही दिवसांनी एकेक वाढवत न्यायची. व्यायाम कंटाळवाणा आणि दुखरा. एकटा माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो. बायपासच्या रुग्णाचंही तेच. तीन चेंडूंच्या त्या प्लास्टिकच्या यंत्रातून श्वास ओढून चेंडू वर उचलायचे, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, दर थोड्या वेळानं उठून चालायचं. ही कामं कुणी आठवण करून दिली तरच होतात, आणि ती झाली नाहीत की फुप्फुसात कफ साठून ताप येतो. ‘आराम कर, उठू नकोस’ म्हणणारी मायाळू सोबत इथे घातक ठरते.

खाण्याबद्दलही तसंच. टाके असताना डाळ, अंडी, मासे दिले की जखम पिकते, ही समजूत घट्ट आहे. प्रत्यक्षात जखम भरायला प्रथिनंच लागतात, आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर समुद्रकाठच्या गावानं रुग्णाला नुसत्या साबुदाण्याच्या लापशीवर ठेवण्याचं काही कारण नाही.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. सोबत म्हणजे शेवटी घरातली बाई, आणि सोबतीचे गोडवे गायचे म्हणजे तिच्या पाठीवर आणखी एक ओझं चढवायचं. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच सोबत आपोआप होते असं धरून चालायला माझा विरोध आहे. 1999 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, आजारी जोडीदाराची सेवा करताना ताणाखाली असलेल्या वृद्धांमध्ये चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण सेवा करावी न लागणाऱ्यांपेक्षा 63 टक्के जास्त निघालं. श्रीवर्धनच्या कित्येक घरांत सत्तरीची दोघंच राहतात, मुलं नालासोपारा, दिवा, पनवेलला. तिथे ‘आई आहे ना’ म्हणून निर्धास्त होणं म्हणजे दुसरा रुग्ण तयार करणं. पाळ्या लावाव्या लागतील, मुलग्यांनीही रजा टाकावी लागेल, रात्रीचं जागरण आणि दिवसाचा स्वयंपाक एकाच माणसाकडे राहू नये हे आधी लिहून काढावं लागेल.

आणि पैसा लागेल. राज्याची आरोग्य योजना 2012 साली राजीव गांधी जीवनदायी या नावानं ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालते आणि तिनं असंख्य घरं कर्जातून वाचवली. पण ती प्रामुख्यानं रुग्णालयातला खर्च उचलते. परळच्या फुटपाथवर सोबत्यानं काढलेल्या रात्री, त्याची बुडालेली मजुरी, दर तपासणीला होणारा गाडीखर्च, हे तिच्या हिशेबात नाही. लॅन्सेटच्या आयोगानं 2015 साली दाखवलं की शस्त्रक्रियेच्या थेट खर्चानं जगात दरवर्षी सव्वातीन कोटींहून जास्त माणसं खोल गर्तेत जातात, तर प्रवास, राहणं, जेवण अशा वरखर्चानं त्याहून जास्त, 4 कोटी 80 लाख. सोबत्याचा खर्च मानायचा ही कल्पना सरकारला अगदीच परकी नाही. कॅन्सरच्या रुग्णाबरोबर जाणाऱ्या एका माणसाला रेल्वे भाड्यात सवलत देते, म्हणजे सोबत गरजेची आहे हे रेल्वेनं कधीच मान्य केलं आहे. श्रीवर्धनचं प्रतिनिधित्व केलेले, आंबेतचे बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. कॅन्सरसारख्या आजारानं कमाई थांबलेले गरीब तिला पात्र असतात. तहसील कचेरीतला तो अर्ज ऑपरेशनच्या आधीच भरून ठेवावा, हे सांगणारं कुणी भेटत नाही, इतकंच.

‘घरची अडाणी माणसं नळी, ड्रेन, टाके काय सांभाळणार?’ असंही विचारलं जातं. याचं उत्तर महाराष्ट्रानंच दिलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’नं छापलं. त्याच धर्तीवर आज आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरावीक दिवशी जातात. तशाच ठरावीक फेऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेहून परतलेल्या रुग्णाकडे का असू नयेत? ताप, जखमेतला स्राव, पोटरीची सूज, धाप, एवढं पाहायचं आणि गरज पडली तर उपजिल्हा रुग्णालयात कळवायचं. अर्थात आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे, म्हणून या फेऱ्यांचा वेगळा मोबदला हवा, फुकटची सेवा नको. आणि परळहून निघताना रुग्णालयानं सोबत्याच्या हातून एकदा नळी धुऊन घ्यावी, एकदा ड्रेसिंग करून घ्यावं; इंग्रजी डिस्चार्ज कार्डाबरोबर मराठीत एक पान द्यावं.

ज्यांना कुणीच नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतो, आणि इथे कोकणाकडे एक जुनी व्यवस्था आहे. मुंबईच्या गिरणगावात गावोगावच्या गावकीच्या खोल्या असत. गावाहून आलेल्या चाकरमान्याला तिथे पाठ टेकायला जागा मिळे. त्या खोल्यांतून उभी राहिलेली ग्रामस्थ मंडळं अजून आहेत, मुस्लिम मोहल्ल्यांच्या जमाती आहेत. परळमध्ये नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देतात, पण मागणी कितीतरी जास्त असते. गणपतीला, शिमग्याला मंडळांच्या बैठका होतात, तेव्हा देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वर्गणीबरोबर आणखी तीन गोष्टी विषयपत्रिकेवर घेता येतील: मुंबईत गावच्या रुग्णाच्या सोबत्यासाठी एक खोली, पाळीनं डबा पोचवणाऱ्या घरांची यादी, आणि गावी परतलेल्या एकट्या रुग्णाकडे पहिले सहा आठवडे रोज जाणाऱ्या माणसाचा मेहनताना. मंडळाच्या वार्षिक जमाखर्चात बसेल एवढीच ही रक्कम आहे.