अपूर्णांकाची पहिली ओळख

अपूर्णांक म्हटला कीं पुष्कळ मुलांच्या पोटांत गोळा उठतो. आणि घरांत तींच मुलें 'पाव लिटर दूध', 'दीड वाजला', 'अडीचशे रुपये' असें न अडखळतां बोलतात! पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे स्वतंत्र शब्द आपल्या भाषेंत आहेत. पूर्वीं शाळांतून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे पाढे पाठ होत. सोळा आण्यांचा रुपया होता तोंवर त्यांचा उपयोगहि नित्याचा होता. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं. पुढें हे पाढेहि मागें पडले. तोंडीं शब्द राहिले, त्यांमागील गणना सुटली.

मग आरंभ कोठून करावा? आमच्या मतें वर्गांतील वस्तूंपासूनच. फळ्यावर १/२ लिहिण्यापूर्वीं मुलांना एक कागद दुमडूं द्यावा. घडी वांकडी पडली, तर 'हा अर्धा नव्हे' असें मुलेंच सांगतील. भाग सारखे हवेत, हा पहिला नियम त्यांच्याच हातांनीं सिद्ध होतो. मग ४० मुलांच्या वर्गाचा अर्धा भाग उभा करावा, नंतर ८ मुलांच्या एका रांगेचा. एकदां २० मुलें, एकदां ४. तरी दोन्ही अर्धेच! येथें 'कशाचा अर्धा?' हें विचारण्याची संवय मुलांस लागते. अपूर्णांकाचें सारें मर्म या एका प्रश्नांत आहे.

४ हा ३ पेक्षां मोठा, म्हणून १/४ हा १/३ पेक्षां मोठा, असें मुलांस वाटतें. हा आळस नव्हे. पूर्णांकांचा ओळखीचा नियमच तीं येथें लावतात. रागावण्याऐवजीं सारख्या आकाराच्या दोन पोळ्या घेऊन एक तिघांत व दुसरी चौघांत वांटून दाखवावी. वांटेकरी वाढले कीं वांटा लहान होतो, हें मग निराळें सांगावें लागत नाहीं. तसेंच १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिणाऱ्या मुलास एवढेंच विचारावें, 'अर्ध्यांत भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसें आलें?'

हें सारें शाळेवर टाकून मात्र चालणार नाहीं. एकत्र कुटुंबांत तर वांटणी रोजचीच. वड्या कापण्यापूर्वीं ताटावर रेघा कशा आंखाव्या, हें घरांतील वडील मंडळींनीं नातवंडांसच विचारावें. आठ जणांस दोन-दोन वड्या, तर ताटाचे भाग किती? एकाच्या वांट्याला ताटाचा कितवा हिस्सा आला? केवळ नियम घोकलेलें मूल परीक्षेंत कदाचित् तरेल. परंतु गणिताची भीति जन्मभर बाळगील. वांटणी करूं लागलेल्या मुलाला ती भीति शिवणार नाहीं.