चार पत्र्यांची आपत्ती

गेल्या पावसाळ्यात आमच्या भिसेगावाहून जवळच्याच एका शाळेत गेलो होतो. तिसरीची मुले चौथीच्या वर्गात दाटीवाटीने बसली होती. गुरुजींना कारण विचारले, तर त्यांनी शेजारच्या खोलीच्या छपराकडे बोट दाखवले. चार पत्रे उडालेले, त्यावर निळी ताडपत्री.

"प्रस्ताव पाठवलाय," ते म्हणाले.

"कधी?"

"मागच्या वर्षी."

उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला अशा वेळी हिशेब सुचतो. बँक बुडीत कर्जासाठी आधीच तरतूद करते. कोणते खाते बुडेल हे ठाऊक नसते, पण काही बुडणार हे नक्की असते. छपरांचेही तसेच. समजा, शंभर शाळांमागे दरसाल पाच-पाच हजार बाजूला ठेवले, तर पाच लाख जमतील. दोन-चार छपरे उडाली, तरी आठवड्यात नवे पत्रे चढतील. विमा कंपनीला हप्ता न भरता आपला विमा आपणच उतरवायचा, यालाच स्वविमा म्हणतात. इंग्लंडच्या सरकारने 2014 मध्ये शाळांसाठी अशीच योजना सुरू केली. शाळा विद्यार्थ्यामागे ठरावीक रक्कम देते, नुकसान सरकार भरून देते.

यात एक मेख आहे. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि कितीतरी शाळांची छपरे एका दिवसात गेली. वर्ग बंद होते, हे नशीब! अशा दिवशी तालुक्याची पुंजी तासात संपेल. म्हणून निधी राज्यभराचा हवा आणि मोठ्या संकटाचा भार बाहेरच्या विम्यावर टाकायला हवा. मेक्सिकोने 1996 पासून रस्ते-शाळांसाठी असा निधी चालवला, वर विमाही घेतला. 2021 मध्ये तो मोडीत निघाला. पडून असलेला पैसा सगळ्यांच्याच डोळ्यांत खुपतो!

आपल्याकडे राज्य आपत्ती प्रतिसाद निधी आहे, त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के. पण तो मोठ्या आपत्तींसाठी. चार पत्र्यांची आपत्ती कोण जाहीर करणार?

निघताना तिसरीतल्या एका मुलीला विचारले, "काय गं, अशा गर्दीत अभ्यास होतो का?"

"हो आजोबा, चौथीच्या कवितासुद्धा पाठ झाल्या आमच्या!"

पोरांनी तोट्यातूनही नफा काढला. हिशेब चुकला आहे तो आपला, मोठ्यांचा.