काळ्या पाषाणात सोने का नाही?

ज्या गावी विहिरीचे खोदकाम चालू असते, त्या गावच्या शिक्षकाच्या मेजावर एखादा चकाकणारा दगड येऊन पडल्यावाचून राहत नाही. विद्यार्थी मोठ्या उत्सुकतेने विचारतो, "गुरुजी, हे सोने आहे का?" या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, त्याचा परिणाम पुष्कळदा शाळेच्या भिंतीबाहेर जातो. मला हा अनुभव नोकरीच्या अगदी प्रारंभीच आला.

करमाळा तालुक्यातील एका शाळेत मी तेव्हा नुकताच रुजू झालो होतो. वर्ष टंचाईचे होते. सातवीतील एका मुलाच्या वडिलांनी विहीर धरली होती. सुमारे चाळीस फुटांवर सुरुंग उडाला, तेव्हा खडकात एक पोकळी लागली आणि तिच्या आतल्या बाजूस मधाच्या रंगाचे टपोरे स्फटिक निघाले. त्यांतील एक खडा मुलाने वर्गात आणला. मला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. परंतु 'मला ठाऊक नाही' असे सरळ म्हणण्याचा संकोच वाटून मी म्हणालो, "सांगता येत नाही, तपासून घ्यावे." सायंकाळपर्यंत गावभर झाले की, गुरुजी तपासून घ्या म्हणतात, म्हणजे काहीतरी असलेच पाहिजे. आठवड्याभरात कोठून तरी एक 'जाणकार' गृहस्थ अवतरले. त्यांनी तपासणीच्या शुल्कापोटी दोन वेळा पैसे नेले आणि 'खाण फुटेल, तोवर सुरुंग लावू नका' असे बजावून ते जे गेले ते परतलेच नाहीत. विहिरीवरची यारी महिनाभर उभी राहिली. पैशांसाठी एक खोंड विकले गेले, आणि त्या उन्हाळ्यात विहीर अपुरीच राहिली. तो खडा कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याच्या स्फटिकाचा होता. हे मला पुढे पुष्कळ दिवसांनी कळले.

यास्तव या विषयाची थोडी माहिती प्रत्येक शिक्षकास असावी, असे मला मनापासून वाटते.

आपला सोलापूर जिल्हा नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यांखेरीज सर्वत्र काळ्या फत्तरावर वसलेला आहे. हा फत्तर म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या लांबलचक भेगांतून तो पुनःपुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. आज तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आढळतो. दख्खनचा हा पाषाण तेव्हापासून बहुतांशी जसाच्या तसा आडवा पडून आहे. कोणत्याही घाटात थांबून पाहिले असता थरांच्या आडव्या पायऱ्या दिसतात. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्यांच्या पोकळ्यांत पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने निरनिराळी खनिजे आणून बसविली. गारगोटी, अकीक, कॅल्साइट, झिओलाइट या वर्गातील मोत्यासारखे चमकणारे गुलाबी-पांढरे स्फटिक, ही सर्व या पोकळ्यांची संपत्ती. दिसण्यात ती इतकी देखणी असते की, पाहणाऱ्याची फसगत होणे स्वाभाविकच आहे.

आता सोलापूरहून रायचूरकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळ बसावे. भूशास्त्राचा असा सोपा धडा दुसरीकडे मिळणे कठीण. अक्कलकोट रोड, दुधनी, कलबुर्गी येथपर्यंत आपला परिचित काळा खडक सोबत करतो. शहाबाद आले की रुळांच्या दोन्ही अंगांस करड्या चुनखडकाच्या खाणी दिसू लागतात. आपल्या घराच्या सोप्यात जी शहाबादी फरशी असते, तिचे हे माहेर. हा चुनखडक दख्खनच्या लाव्ह्याहून पुष्कळच जुना आहे. वाडी ओलांडून यादगीर गाठले की तोही संपतो आणि प्रचंड गोल धोंड्यांच्या ग्रॅनाइटी टेकड्या पुढे येतात. यादगीरचा किल्ला अशाच एका टेकडीवर आहे. वस्तुतः आपण खाली उतरलो नाही, केवळ पुढे सरकलो. तरीही वरची दोन पांघरुणे एकामागून एक दूर झाली आणि भारताच्या द्वीपकल्पाचा मूळ पाया उघडा पडला.

हाच पाया आपल्या पायांखालीही आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तेथे शास्त्रज्ञांनी एक खोल छिद्र घेतले. त्यात 338 मीटर काळा फत्तर लागला, त्याखाली गाळाच्या खडकाचा एक पातळ थर आणि त्याच्याही खाली प्राचीन पट्टेदार ग्रॅनाइटी खडक. किल्लारी आपल्या जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. चाळीस-पन्नास फुटांची विहीर आणि 338 मीटर यांतील अंतर विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवावे. आपल्याकडील विहीर त्या पायापर्यंत पोहोचण्याची गोष्टच नाही.

रायचूर जिल्ह्यात लिंगसुगूर तालुक्यात हट्टी नावाचे गाव आहे. सोलापूरपासून सरळ रेषेत ते दोनशे किलोमीटरांच्या आतच भरेल. तेथे सोन्याची खाण आहे. गंमत अशी की, हट्टीचे सोने ज्या खडकात सापडते, तोही मुळात काळा लाव्हाच! मात्र तो सुमारे 270 कोटी वर्षांपूर्वीचा, समुद्राच्या तळाशी वाहिलेला आहे. मग एका लाव्ह्यात सोने आणि दुसऱ्यात नाही, असे का व्हावे? खडकाचा काळा रंग येथे काहीच सांगत नाही. तो थिजल्यानंतर त्याच्यावर काय प्रसंग ओढवले, यावर सारे अवलंबून आहे.

सोने तसे सर्वच खडकांत असते, पण एका टनात काही मिलिग्रॅम इतकेच. खाण चालण्यास ते टनास काही ग्रॅम, म्हणजे हजारपट तरी एकत्र यावे लागते. हट्टीचा खडक भूगर्भात खोल दाबला गेला, त्यास घड्या पडल्या, त्याचा हिरवट काळा रूपांतरित खडक झाला आणि त्यात उभ्या तिरप्या भेगांचे पट्टे निर्माण झाले. या भेगांतून खालून अतितप्त पाणी वर चढले. त्या पाण्यात गंधकाच्या संयोगाने सोने विरघळलेले होते. भोवतालच्या काळ्या खडकात लोह विपुल होते. गंधकाने लोहाशी जवळीक केली, त्यापासून पायराइटसारखी खनिजे बनली आणि आधार सुटलेले सोने तेथेच बसले. जोडीला पाण्यातील वाळूद्रव्य थिजून पांढऱ्या गारेच्या शिरा तयार झाल्या. खाणीतील लोक या सुवर्णयुक्त शिरांना 'रीफ' म्हणतात. आपल्या दख्खनच्या पाषाणावर असा दाब, अशा घड्या आणि असे तप्त जलप्रवाह यांचा प्रसंग आलाच नाही. तो निवांत पडून राहिला. त्यामुळे त्यात सोने एकवटले नाही.

हट्टीचा शोध कोणी लावला, हे नावानिशी सांगता येणार नाही, कारण तो प्राचीनांनी लावला. तेथील जुन्या खोदकामांतून मिळालेल्या लाकडाचे वय कार्बन-पद्धतीने सुमारे दोन हजार वर्षे ठरते, आणि ही खोदकामे सुमारे दोनशे मीटर खोलीपर्यंत गेलेली आढळली. सुरुंगाची दारू नसताना हे कसे साधले? खडकावर लाकडे रचून जाळ करावयाचा, तापलेल्या खडकावर पाणी ओतावयाचे आणि तडकलेले तुकडे छिन्नीने काढावयाचे. मग ते दगडी उखळांत कुटून, पीठ करून, पाण्यात धुवावयाचे. सोने जड म्हणून तळाशी राहते. कुटण्याच्या खळग्यांचे ते दगड त्या परिसरात आजही मिळतात. पाण्याचा उपसा आणि खेळती हवा या दोन अडचणींपुढे मात्र हे खाणकरी अखेर थांबले असावेत.

अर्वाचीन काळी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1880 च्या दशकात दक्षिणेतील या प्राचीन खडकांचा अभ्यास करून त्यांस धारवाडच्या नावावरून 'धारवाड शिलासमूह' अशी संज्ञा दिली आणि सोने याच खडकांत शोधावे हे दाखवून दिले. पुढील शोधाची रीत गमतीची होती. नव्या अभियंत्यांनी प्रथम जुन्यांचे खड्डेच शोधले. जेथे पूर्वजांनी खणले, तेथे सोने असणारच. अशाच शोधात 1915 साली निजामाच्या सुवर्णखाणींतील बीडन नावाच्या अभियंत्यास हट्टीजवळच्या मस्की येथे खडकावर कोरलेली अक्षरे दिसली. तो सम्राट अशोकाचा लेख निघाला. तोवर मिळालेल्या लेखांत राजाचा उल्लेख 'देवानांप्रिय', 'प्रियदर्शी' असा येत असे. मस्कीच्या लेखात प्रत्यक्ष 'अशोक' हे नाव होते, आणि तो प्रियदर्शी कोण हा वाद मिटला. इतिहासाचा हा पाठ शिकविताना सोन्याच्या शोधाची ही आठवण अवश्य सांगावी.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हट्टीची खाण चालली, मग बंद पडली. 1947 मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी स्थापन झाली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत रायचूर जिल्ह्याबरोबर खाणही तत्कालीन म्हैसूर राज्याकडे गेली. याच कंपनीने पुढे चित्रदुर्गाजवळ इंगळधाळ येथे तांब्याची खाणही चालविली. कोलारच्या सुप्रसिद्ध खाणी तीन किलोमीटरांहून खोल गेल्या, आठशे टनांहून अधिक सोने त्यांनी दिले आणि 28 फेब्रुवारी 2001 रोजी त्या बंद झाल्या. हट्टी मात्र चालू राहिली. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर दख्खनचा पाषाण जेथे संपतो त्या पूर्व टोकाकडेच पाहावे लागते. नागपूर-भंडारा भागातील साकोली शिलासमूहात जस्त, तांबे व सोने आणि चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे तांबे सर्वेक्षणाने शोधलेले आहे.

वर्गात एक हिशेब घालावा. टनास 4 ग्रॅम सोने देणारा खडक असेल, तर 10 ग्रॅमच्या तोळ्यास किती खडक फोडावा लागेल? अडीच टन. (जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, त्यास जवळजवळ तीन टन.) इतक्या विरळ प्रमाणात असलेले सोने डोळ्यांस क्वचितच दिसते. ते मिळविण्यासाठी खडकाचे पीठ करून सायनाइडच्या पातळ द्रावात सोने विरघळवावे लागते. म्हणजे हट्टीच्या खाणीतील उत्तम दगडही बहुधा निस्तेजच असतो. हे एकदा मुलांच्या ध्यानी आले की, चकाकते म्हणून सोने, ही समजूत आपोआप ढिली पडते.

तथापि दगड हाती आल्यावर तोंडी सांगण्यापेक्षा पारख करून दाखवावी. मधाळ किंवा पांढऱ्या स्फटिकाचे थोडे चूर्ण करून त्यावर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे आले तर कॅल्साइट. लोखंडी खिळ्याने ओरखडाही उठला नाही, तर गारगोटी. नखाने पापुद्रे सुटले तर अभ्रक. पितळी झाक असलेला जड खडा पायराइटचा असू शकतो. दगडी कोळशात तो कधी कधी दिसतो. खडबडीत पांढऱ्या फरशीच्या पाठीमागे तो घासला असता हिरवट काळी रेघ उठते, आणि हातोडीखाली त्याचा चुरा होतो. खऱ्या सोन्याची रेघ सोनेरीच उठते आणि ते फुटत नाही, चपटे होते. सराफाची कसोटी हेच करते. ती काळी, बारीक कणांची असते एवढेच. मात्र पायराइट किंवा तत्सम खडा वर्गात तापवून पाहू नये. त्यातून गंधकाचा, आणि काही जातींतून सोमलाचा विषारी धूर निघतो.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या विहिरीतील खड्याचा एक तुकडा अद्याप माझ्याजवळ आहे. लिंबाचा रस टाकला की तो अजूनही फसफसतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेस मी तो घेऊन येईन. आपणही आपल्या गावच्या विहिरींतील खडे, गाव, गट क्रमांक आणि किती फुटांवर मिळाले ते चिठ्ठीवर लिहून, सोबत आणावेत.